जुना ठोंब, नवी रोपे
गवती चहा व वाळा यांची विभागणी

मुंबईला पाणी पुरविणारे भातसा व तानसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. तरीही शहापूर व मुरबाडमधील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी शाळेच्या आवारात रोज पाणी मागणारी बाग टिकत नाही. टिकतात ती गवती चहा, वाळा यांसारखी चिवट बहुवर्षायू गवते. मात्र एकदा लावून विसरून जावे, अशी तीही नाहीत.

गवती चहाचा ठोंब तीन-चार वर्षांचा झाला की मध्यभागी वाळू लागतो. नवे फुटवे कडेने येतात, पाने बारीक होतात आणि जमीन निकस झाली असा समज होतो. वस्तुतः ठोंबात दाटी झालेली असते.

इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत या कामासाठी वसंत किंवा शरद ऋतू सांगितलेला आढळतो. कोकणात तो उपयोगी नाही. मृगाचा पाऊस पडून माती वीतभर ओली व्हावी, भाताची पेरणी आटोपलेली असावी आणि आवणी अद्याप दूर असावी, हीच योग्य वेळ होय.

ठोंब कुदळीने अखंड खणून काढावा व मधला वाळका भाग टाकून द्यावा. कडेचे फुटवे दोन-तीनच्या गटाने मुळांसह सोडवावेत. न सुटल्यास कोयत्याने कापावेत. पाने वीतभर ठेवून छाटावीत. हिरवी पाने कापणे अनेकांच्या जिवावर येते. परंतु तुटलेली मुळे पुरेसे पाणी ओढू शकत नाहीत आणि लांब पाने असलेले रोप सुकते. लावणी त्याच दिवशी करावी.

वाळ्याचीही रीत हीच. लागवडीच्या वाळ्याला सहसा रुजणारे बी धरत नाही, त्यामुळे तो शेतात तण म्हणून पसरत नाही. त्याची वाढ विभागणीनेच करावी लागते. मुळे आडवी न पसरता सरळ खोल जातात. कर्नाटकातील गुंडलुपेट भागात शेतकऱ्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या बांधांवर राखला आहे. वरकस जमिनीच्या उतारावर समपातळी रेषेत चार ते सहा इंचांवर फुटवे लावावेत. एखादे रोप मेले तर पाणी नेमकी तेथूनच वाट काढते आणि माती खालच्या खाचरात उतरते. म्हणून पुढील पावसाळ्यात खाडे भरावेत.

वाळ्याच्या सुगंधी मुळांना मागणी असते. ती हवी असल्यास वेगळा वाफा राखावा. बांधावरचा वाळा मुळांसाठी खणू नये.