मांसाचा रस तव्यावर कोंडतो काय?

इंग्रजी व फ्रेंच पाकशास्त्राच्या पुस्तकांत एक नियम पिढ्यान्‌पिढ्या छापला गेला आहे, आणि कित्येक पुस्तकांत तो अजूनहि आढळतो. मांसाचा तुकडा प्रथम अतिशय तापलेल्या तव्यावर टाकावा, म्हणजे त्याची बाहेरची बाजू तत्काळ घट्ट होऊन आंतला रस आंतच कोंडून राहतो, असा तो नियम आहे. तो वाचतांच पटतो. आम्हांसहि तो पुष्कळ वर्षें पटलेला होता, व आम्हीं तो दुसऱ्यांसहि मोठ्या विश्वासानें सांगितला होता, हें येथें कबूल केलें पाहिजे. प्रस्तुत लेखांत त्या नियमाची परीक्षा करावयाची आहे. परीक्षेकरितां जो पदार्थ निवडला आहे, तो युरोप-अमेरिकेंतील घरांत पाव-अर्ध्या तासांत होणारा आहे. स्टेकचे लहान चौकोनी तुकडे लोखंडी तव्यावर खरपूस भाजावयाचे, व शेवटीं त्यांवर सुगंधी पाला मिसळलेलें लोणी सोडावयाचें, एवढीच त्याची कृति.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं मांस शिजत नाहीं, कित्येकांच्या घरीं हें मांस वर्ज्य आहे, आणि महाराष्ट्रांत तर २०१५ पासून गाय, बैल व वळू या सर्वांच्या वधास कायद्यानें बंदी आहे. तेव्हां हा पदार्थ करून पाहाच, असा आमचा आग्रह मुळींच नाहीं. परंतु उष्णता, पाणी व प्रथिनें यांचा जो व्यवहार त्या तव्यावर चालतो, तोच बोकडाच्या मांसांत, कोंबडींत, आणि थोड्या फरकानें पनिराच्या वडींतहि चालतो.

'स्टेक' हा शब्द इंग्रजींत स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेंतून आला असून त्याच्या मुळाशीं सळईवर खोंचून भाजणें असा अर्थ आहे. अर्थानें पाहिलें तर आमच्या ओळखीच्या शीगकबाबाचाच तो भाऊबंद म्हणावयाचा. जनावर जे स्नायु चालण्यांत सतत वापरतें, त्यांत कोलॅजन नांवाचें चिवट द्रव्य पुष्कळ असतें. पायाचें मांस म्हणूनच तासन्‌तास मंद आंचेवर ठेवावें लागतें. तेव्हां कोठें त्या कोलॅजनचें जिलेटिन होऊन मांस मऊ पडतें. पाठीच्या कण्याला लागून कमरेजवळ जे स्नायु असतात, त्यांस काम थोडें. ते मुळांतच मऊ. स्टेक त्या भागाचा घेतात, आणि म्हणूनच तो मिनिटांत होतो.

आतां त्या नियमाकडे वळूं. तो लोकप्रिय करणारा पुरुष कोणी सामान्य आचारी नव्हता. युस्टुस फॉन लीबिख (१८०३-१८७३) हा जर्मनीचा थोर रसायनशास्त्रज्ञ. गीसेन येथील त्याच्या प्रयोगशाळेंत देशोदेशींचे विद्यार्थी स्वतःच्या हातांनीं प्रयोग करून शिकत असत. पदार्थ जाळून त्यांतील कार्बन अचूक वजनानें कसा काढावा, हें त्यानें युरोपला शिकविलें. १८४७ सालीं त्यानें मांसाच्या रसायनावर ग्रंथ लिहिला. मांसाचें सत्त्व त्याच्या रसांत आहे. मांस एकदम उकळत्या पाण्यांत टाकलें तर वरचें अल्ब्युमिन गोठून त्याचें कवच बनतें, व रस बाहेर पडत नाहीं, असें त्याचें प्रतिपादन होतें. जें उकडण्यास लागू तें भाजण्यासहि लागू, असें लोकांनीं धरून चाललें. तत्पूर्वीं मांस विस्तवापासून दूर ठेवून हळूहळू भाजीत व शेवटीं जवळ आणून तांबूस करीत. लीबिखच्या शब्दासरशीं हा क्रम उलटा झाला. एवढ्या मोठ्या माणसाचें म्हणणें. त्यापुढें आचाऱ्याचा अनुभव कोण विचारतो?

ज्यानें तराजूचें महत्त्व सर्वांस पटविलें, त्याच्याच या विधानास तराजू पुष्कळ उशिरां लागला. १९३० च्या सुमारास अमेरिकेंतील गृहशास्त्राच्या प्रयोगशाळांत ही परीक्षा झाली. रीत अगदीं सोपी आहे. सारख्या वजनाचे, एकाच भागाचे दोन तुकडे घ्यावयाचे. एक प्रथम प्रखर आंचेवर तांबूस करावयाचा, दुसरा करावयाचा नाहीं. दोन्ही आंतून सारख्याच उष्णतामानापर्यंत शिजवून पुन्हा वजन करावयाचें. कोंडण्याचा नियम खरा असता तर पहिला तुकडा जड भरावयास पाहिजे होता. तो भरला नाहीं. उलट त्याचाच रस बरोबरीनें किंवा किंचित् अधिक गेला.

खरें म्हणजे तराजूहि नको. कान पुरे आहेत. तव्यावर मांस टाकलें कीं जो चर्र आवाज निघतो, तो मांसांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याची वाफ होत असल्याचा आवाज आहे. कवच घट्ट बसून रस कोंडला गेला असता तर तो आवाज थांबला असता. तो मांस उतरेपर्यंत चालूच असतो! आम्हीं तो इतकीं वर्षें ऐकला, पण त्याचा अर्थ लावला नाहीं. रस जातो तो प्रथिनें उष्णतेनें आकसून त्यांतील पाणी पिळून निघतें म्हणून. सुमारें ५० अंश सेंटिग्रेडपासून हें आकसणें सुरू होतें, आणि ६५ अंशांच्या पुढें तें फार वाढतें. सारांश, रस राहणें न राहणें तुकड्याच्या आंतील उष्णतामानावर आहे, वरच्या कवचावर नाहीं.

मग तवा एवढा तापवावयाचा कशाला? चवीसाठीं. या प्रश्नाचें उत्तर १९१२ सालीं पुढें आलें, पण तें पाकशाळेंतून नव्हे. लुई कामीय मायार नांवाचा फ्रेंच वैद्य व रसायनशास्त्रज्ञ सजीवांच्या शरीरांत प्रथिनें कशीं तयार होत असावींत, याचा शोध करीत होता. त्यानें अमिनो आम्लें व शर्करा यांचें मिश्रण तापविलें. मिश्रण तपकिरी झालें व त्यांतून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघाले. पॅरिसच्या विज्ञान परिषदेपुढें त्यानें हें मांडलें. परंतु स्वयंपाकाशीं त्याचा संबंध जोडण्याची घाई कोणास नव्हती. पुढें दुसऱ्या महायुद्धांत सैन्यासाठीं सांठविलेली अंड्यांची पूड तपकिरी पडून बेचव होऊं लागली, तेव्हां या क्रियेची आठवण झाली. आणि १९५३ सालीं जॉन हॉज या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें तिच्या सर्व पायऱ्यांचा नकाशा मांडला. आज तिला मायार-क्रिया म्हणतात. पावाचा पापुद्रा, भाजलेली कॉफी, भाजलेले दाणे, सर्वांच्या वासांत ती आहे. आमच्या घरांतील उत्तम उदाहरण म्हणजे बेरी. लोणी कढवून तूप झालें कीं तळाशीं जी तांबूस बेरी राहते, आणि जी साखर घालून खाण्यासाठीं मुलांचीं भांडणें होतात, ती दुधांतील प्रथिनें व दुधांतीलच शर्करा यांच्या मायार-क्रियेनें तांबूस झालेली असते.

ही क्रिया जलद व्हावयास सुमारें १४० अंश उष्णता लागते. आणि येथेंच पाणी आडवें येतें. मांसाची वरची बाजू जोंपर्यंत ओली आहे, तोंपर्यंत तिचें उष्णतामान १०० अंशांच्या वर जात नाहीं. एक ग्रॅम पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत नेण्यास ७० कॅलरी उष्णता पुरते. परंतु त्याच पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारें ५४० कॅलरी लागतात, म्हणजे जवळजवळ आठपट. पदार्थविज्ञानाच्या तासास ज्या गुप्त उष्णतेचा विद्यार्थ्यांस कंटाळा येतो, ती ही. म्हणून तुकडे स्वच्छ फडक्यानें कोरडे टिपणें हा या कृतीचा आत्मा आहे. आम्हीं पहिल्या खेपेस तुकडे धुऊन तसेच ओले, आणि भूक लागली म्हणून सगळेच्या सगळे एकदम, लहानशा तव्यावर ओतले. चर्र आवाज क्षणांत बंद पडला, तवा निवाला, तुकड्यांभोंवतीं पाणी सांचलें, आणि त्यांत ते उकडून करड्या रंगाचे व रबरासारखे झाले. घरच्या मंडळींनीं तें निमूटपणें खाल्लें, याचेंच आम्हांस अधिक वाईट वाटलें. तेव्हांपासून आम्ही दोन खेपा करतों व तुकड्यातुकड्यांत बोटभर जागा ठेवतों.

तवा तापला कीं नाहीं हें पाहण्याची युक्ति घावन घालणाऱ्या प्रत्येक बाईस ठाऊक आहे. पाण्याचा थेंब शिंपडला असतां तो बेताच्या तापलेल्या तव्यावर पसरून चुरकन् आटतो. फारच तापलेल्या तव्यावर मात्र गोळी होऊन नाचूं लागतो, कारण त्याच्या खालीं वाफेची गादी तयार होते. लायडनफ्रॉस्ट या जर्मन वैद्यानें १७५६ सालीं याचें वर्णन केलें, म्हणून शास्त्रांत त्याचें नांव राहिलें. जाड लोखंडी तव्यावर थेंब नाचूं लागला कीं किंचित् तेल किंवा तूप घालावें, मीठ लावलेले तुकडे मांडावे, आणि मग कलथ्यास विश्रांति द्यावी. दीड-दोन मिनिटें त्यांस हलवूं नये.

तुकडे लहान कां करावयाचे, याचें उत्तर गणितांत आहे. चार इंच लांब, चार इंच रुंद व एक इंच जाड असा तुकडा घेतला तर त्याचें पृष्ठफळ ४८ चौरस इंच भरतें. त्याचेच एकेक इंचाचे १६ घन कापले तर प्रत्येकाचें ६ याप्रमाणें एकूण ९६ चौरस इंच होतात. मांस तेवढेंच, पण तांबूस होण्यास जागा दुप्पट. मात्र उष्णता आंत पोंचावयासहि वेळ कमी लागतो. क्षणभर दुर्लक्ष झालें कीं तुकडा आंतून कोरडा पडलाच.

लोण्याची कृति जुनी फ्रेंच आहे. शंभर ग्रॅम मऊ लोण्यांत दोन चमचे बारीक चिरलेली पार्सली, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ व मिऱ्याची पूड घालून तें फेंटावें, आणि कागदांत वळकटी करून थंडींत ठेवावें. कोणी त्यांत लसूण घालतात, कोणी थाइम. पार्सली ही आमच्या कोथिंबिरीच्या कुळांतील व थाइम तुळशीच्या, म्हणून ही जोडी आम्हांस अगदींच परकी वाटूं नये. अशा पाल्याचा सुवास पाण्यापेक्षां स्निग्धांत अधिक विरघळतो. त्यास तुकड्यांवर पोंचविण्याचें काम लोणी करतें. परंतु तें आरंभीं घालूं नये. विकतच्या लोण्यांत सुमारें ८० टक्के स्निग्ध, १६ टक्के पाणी, व उरलेला दुधाचा अंश असतो. तो दुधाचा अंश प्रखर तव्यावर पाहतांपाहतां काळा होऊन कडवट लागतो. तुपांत तो नसतो, म्हणून भाजण्यास तूप व शेवटीं लोणी, हा क्रम आम्हांस उत्तम वाटतो. तुकडे तयार होतांच विस्तव बंद करावा, तवा थोडा निवूं द्यावा, आणि मग लोण्याची चकती टाकून तुकडे त्यांत घोळावे.

पालकांसाठीं एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. रोगजंतु बहुधा मांसाच्या पृष्ठभागावर असतात, म्हणून अखंड तुकड्यास आंतून ६३ अंश व त्यानंतर तीन मिनिटें विसांवा पुरे, असें अमेरिकन सरकारचें कृषिखातें सांगतें. खिम्यांत वरचा भाग आंत मिसळला जातो, म्हणून त्यास ७१ अंश पाहिजेत, कोंबडीस ७४. आमच्या हवेंत, उघड्यावर टांगलेलें मांस घेतलें असेल तर तें पूर्ण शिजवावें, मग रस गेला तरी चालेल.

तुकडे ताटलींत दोनचार मिनिटें ठेवले कीं त्यांखालीं तांबूस रस जमतो. तो पाहून मुलें रक्त म्हणून तोंड फिरवितात. तें रक्त नव्हे. मांसांतील पाणी व मायोग्लोबिन नांवाचें लाल प्रथिन यांचें तें मिश्रण आहे. चांगला तांबूस भाजलेल्या तुकड्यांतूनहि तो येतोच. तो वितळलेल्या लोण्यांत मिसळतो, आणि त्या देशांतील लोक पावाच्या तुकड्यानें तो शेवटच्या थेंबापर्यंत टिपून खातात.