राखाडी एकच, दिसतो मात्र दोन

प्रश्न : अक्षररचनाकार कमल शेडगे यांची अक्षरे पाहून मी उपयोजित कलेकडे वळले. माझ्या पोस्टरवर एकच राखाडी रंग पिवळ्यावर निळसर आणि निळ्यावर पिवळसर दिसतो. दोष छपाईचा का?

उत्तर : नाही, डोळे रंग नेहमी शेजाऱ्यासकटच पाहतात. पॅरिसच्या गोब्लाँ विणकामशाळेत काळे सूत फिके दिसते, अशी तक्रार होती. रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी तपासले, तर रंगाई चोख होती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा उतरलेला वाटे. १८३९ मध्ये त्यांनी यावर ग्रंथच लिहिला. तुम्ही काही दिवस स्क्रीन बाजूला ठेवून रंगीत कागद कापून एकमेकांशेजारी ठेवून पाहा, हे मी आग्रहाने सांगेन. चित्रकार आणि कलाशिक्षक योझेफ आल्बर्स विद्यार्थ्यांकडून हेच करून घेत. पोस्टरपुरते म्हणाल, तर दोन्ही तुकडे सारखे दिसेपर्यंत राखाडीत त्या-त्या पार्श्वभूमीचा रंग किंचित मिसळत जा.