छापायच्या आधीच ग्रेन कसे कळतात?

प्रश्न : आमच्या लोणावळ्यात आयएनएस शिवाजीवर नौदलाचे मरीन इंजिनीअर शिकतात. यंत्रांचे धातूचे सुटे भाग आता थ्रीडी प्रिंटरवर छापता येतात. पण त्याआधी ‘ग्रेन’ कसे येतील ते संगणकावर पाहतात, असं वाचलं. धातू तोच, मोजमाप बरोबर, मग ग्रेनची एवढी चौकशी कशाला? आणि घरच्या संगणकावर हे जमेल का?
— एक वाचक, लोणावळा

उत्तर : मोजमाप जुळलं तरी भाग पास झाला असं नाही. धातू गोठताना त्याचे असंख्य स्फटिक होतात, तेच ग्रेन. ते किती मोठे आणि कोणत्या दिशेने वाढलेले, यावर भागाची ताकद ठरते. निवण्याचा वेग काय करतो, ते तुमच्या मावळातच दिसतं. कार्ले-भाजे लेणी ज्या बसाल्टात कोरली, तो लाव्हा जमिनीवर पसरून लवकर निवला, म्हणून त्यातले बहुतेक स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. तोच रस खोल जमिनीत सावकाश निवला असता, तर ज्वारीच्या दाण्याएवढे स्फटिक असलेला गॅब्रो झाला असता.

लेझरने पूड वितळवून छापताना हा वेग भलताच असतो, सेकंदाला लाखो अंश. एकेक थर साधारण 30 ते 60 मायक्रॉनचा. पण खरी मेख दिशेत आहे. उष्णता मुख्यतः खालच्या, आधी गोठलेल्या धातूत उतरते. नवा थर वितळताना खालचाही थोडा वितळतो आणि नवा धातू खालच्याच ग्रेनला चिकटून वाढतो. उष्णतेच्या वाटेशी ज्यांची रचना जुळते ते ग्रेन पुढे सरकतात, बाकीचे मागे पडतात. एकेक ग्रेन कित्येक थर ओलांडून उभाच्या उभा जातो. मग भाग उभा ओढला तर एक ताकद, आडवा ओढला तर दुसरी. टर्बाइनच्या पात्यांत असे लांबट ग्रेन मुद्दाम आणतात. नकळत आले तर मात्र घात होतो.

9 मे 2024 रोजी इस्रोने पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचं, छापलेलं पीएस4 इंजिन 665 सेकंद चालवून पाहिलं. 14 भागांऐवजी एकच अखंड भाग, 19 वेल्ड वाचले. असला भाग पुन्हापुन्हा छापून चुका शोधणं परवडत नाही. तिथे संगणक कामाला येतो.

आधी लेझरच्या वाटेवर उष्णतेचा हिशेब होतो. मग धातूचे बारीक घन पाडतात. प्रत्येक घन द्रव आहे की एखाद्या ग्रेनचा, हे क्षणाक्षणाला ठरतं. निवलेला घन शेजारच्या ग्रेनची दिशा उचलतो. ही रीत गांदाँ आणि रापाझ या संशोधकांनी 1990च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये ओतकामासाठी बसवली. एक मायक्रॉनचे घन घेतले तर एका घन मिलिमीटरलाच 100 कोटी लागतात, म्हणून अख्ख्या भागाऐवजी नाजूक कोपरा निवडतात. दर थराला लेझरची वाट 67 अंशांनी फिरवली, वेग बदलला, तर लांबट ग्रेन तुटतात का, हे तिथे दिसतं.

तरी नमुना छापून, कापून, पॉलिश करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावाच लागतो. चित्र जुळलं नाही, तर मी आधी उष्णतेचे आकडे तपासेन. पूड लेझरची किती ऊर्जा शोषते, इथेच बरेचदा गफलत होते.

घरी जमेल. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेचं ‘स्पार्क्स’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. लिनक्सची थोडी ओळख हवी. छोटा तुकडा साध्या लॅपटॉपवरही चालतो.