कीटकनाशकांचे रिकामे डबे आणि उरलेले औषध

फवारणी संपली, पाठीवरचा पंप खाली ठेवला की काम झाले असे आपण समजतो. रिकामी बाटली बांधावर पडते आणि चांगल्या झाकणाचा डबा मात्र घरी येतो. पुढे त्यात कधी गोडेतेल, तर कधी शेतावर न्यायचे पिण्याचे पाणी भरले जाते. डबा कितीही घासला तरी पिण्याच्या किंवा खाण्याच्या वस्तूंसाठी तो निर्धोक होत नाही. या विषाला आपण 'औषध' म्हणतो, त्यामुळेही त्याची भीती कमी झाली असावी.

द्रवरूप औषधाचा डबा रिकामा होताच, आतील थर वाळण्यापूर्वी धुवावा. पाव भाग पाणी भरावे, झाकण लावून चांगले हलवावे आणि ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे. असे तीन वेळा करावे. यात नुकसान काहीच नाही. पैसे देऊन घेतलेले औषध पिकावरच जाते. नंतर डब्याला तळाशी भोके पाडावीत, म्हणजे तो कोणी वापरणार नाही. विक्रेता डबे परत घेत असल्यास त्याच्याकडे द्यावेत. अन्यथा वस्ती, विहीर व ओढ्यापासून दूर, खोल खड्ड्यात पुरावेत. जाळू मात्र नयेत, धूर विषारी असतो.

जुन्या साठ्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी एखाद्या माळ्यावर त्याची पुडी अजून सापडेल. असा किंवा मुदत संपलेला साठा नाल्यात, उकिरड्यावर ओतू नये. मूळ वेष्टनातच कुलपात ठेवून तालुका कृषी अधिकाऱ्यांना कळवावे. पुढच्या वेळी क्षेत्र मोजून लागेल तेवढेच औषध घ्यावे. औषध सांडल्यास पाणी न मारता कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाकून हातमोजे घालून गोळा करावे.

सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. घाम, लाळ, डोळ्यांची बाहुली बारीक होणे, स्नायू फडफडणे ही लक्षणे दिसताच रुग्णाला शेताबाहेर आणून कपडे काढावेत, अंग साबणाने धुवावे आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. औषध पोटात गेले असल्यास दूध, तूप देऊ नये. लेबलवर सांगितले नसेल तर उलटीही करवू नये. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडाने काहीच देऊ नये, डाव्या कुशीवर निजवावे.

सेंद्रिय फॉस्फरस गटातील विषावर ॲट्रोपिन उपयोगी पडते, सर्वच विषांवर नाही. म्हणून डॉक्टरांना औषधाचे नाव कळलेच पाहिजे. डबा पुरला तरी माहितीपत्रक हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. दोन औषधे मिसळली असतील तर दोन्हींची माहितीपत्रके रुग्णासोबत न्यावीत.