ओकच्या मृत्यूच्या दाखल्यावर काय लिहावे?

आपल्या स्मरणिकेत एका बालरोगतज्ज्ञाने इंग्लंडमधील ओक वृक्षांच्या दुखण्याविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. माझ्या मनात हा विषय शिरला तो मृत्यूच्या दाखल्यामुळे.

दोन वर्षांचे मूल, वजन जेमतेम ६ किलो. महिन्यापूर्वी गोवर येऊन गेलेला, त्यामागून जुलाब आणि अखेर न्यूमोनिया. दाखल्याच्या पहिल्या ओळीत न्यूमोनिया लिहिला जातो. त्याखाली गोवर यायला हवा, तो कधी येतो, कधी राहतो. कुपोषण मात्र पुष्कळदा कोणत्याच रकान्यात उतरत नाही. शेवटी आलेला जंतू तेवढा दोषी ठरतो. वनशास्त्रातही नेमका हाच वाद शंभर वर्षे चालू आहे.

१९२० च्या दशकात इंग्लंडमधील ओक मोठ्या संख्येने वाळू लागले. वसंतात फुटलेली कोवळी पालवी अळ्यांनी फस्त केली. ओक अशा वेळी साठवणीतला पिष्टमय पदार्थ खर्चून पुन्हा पालवतो; पण या दुसऱ्या पालवीवर भुरीची पांढरी बुरशी चढली. ही भुरी युरोपात १९०७ च्या सुमारास प्रथम दिसली होती. दोनदा पाने गमावलेल्या झाडाच्या मुळांवर मग आर्मिलारिया ही दुसरी बुरशी आली. तिचे काळे, बुटाच्या नाडीसारखे तंतू मातीतून एका मुळापासून दुसऱ्याकडे सरकतात आणि पुढे बुंध्याशी मधाच्या रंगाच्या छत्र्या उगवतात. पाहणाऱ्याला दिसतात त्या या छत्र्याच. साहजिकच ‘आर्मिलारियाने झाड मारले’ असा निष्कर्ष निघतो.

वास्तविक हीच बुरशी निरोगी झाडाच्या आसपास वर्षानुवर्षे निमूट राहू शकते. तिला संधी कशी मिळते, याचा उलगडा १९७० च्या दशकात अमेरिकेत झाला. पाने गेलेल्या झाडाच्या मुळांतील स्टार्च घटतो, ग्लुकोज वाढते, आणि अशा मुळांत आर्मिलारिया जोमाने फोफावते. उपासमार झालेल्या देहात जंतूंचे फावते, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको!

पॉल मॅनियन या अमेरिकन वृक्षरोगतज्ज्ञांनी १९८१ मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकात या साऱ्याची मांडणी केली. झाडाला दीर्घकाळ दुबळे करणारी कारणे (निकस वा दबलेली माती, बदलते हवामान, वार्धक्य), अचानक आघात करणारी कारणे (अवर्षण, कडाक्याची थंडी, अळ्यांची धाड) आणि अखेरीस झाडाला संपवणारी कारणे (बुरशा, जिवाणू, भुंगेरे). एकामागून एक ही कारणे झाडाला चक्राकार जिन्यासारखे खाली नेतात. पोषण व संसर्ग यांच्या परस्परसंबंधावरील जागतिक आरोग्य संघटनेचा १९६८ चा प्रबंध ज्यांनी चाळला असेल, त्यांना हा जिना ओळखीचा वाटेल.

तथापि यावरून जंतूंना निर्दोष ठरवणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. ब्रिटनमध्ये गेल्या काही दशकांत ओकचा एक तीव्र ऱ्हास आढळतो. खोडाच्या सालीला उभ्या भेगा पडून त्यांतून काळपट द्राव ओघळतो. आतला जिवंत थर कुजलेला असतो. आणि जवळच ॲग्रिलस बायगुटॅटस या भुंगेऱ्याच्या अळ्यांची नागमोडी भुयारे सापडतात. काही झाडे चार-सहा वर्षांत मरतात. चट्ट्यांतून मुख्यत्वे ब्रेनेरिया गुडविनी व गिब्सिएला क्वेर्सिनेकन्स हे जिवाणू मिळाले. पण दोषी कोण? एक रोग, एक जंतू या कॉख यांच्या चौकटीत हे प्रकरण बसेना. ब्रिटिश संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ओकच्या ओंडक्यांत हे जिवाणू टोचले, तेव्हा तसेच चट्टे उमटले. आणि भुंगेऱ्याची अंडीही सोबत ठेवली, तेथे ते अधिक पसरले. म्हणजे कॉख यांचे निकष मोडीत निघाले नाहीत. फक्त आरोपीच्या पिंजऱ्यात एकाऐवजी टोळी उभी करावी लागली.

स्वतः कॉख यांनाही ही अडचण ठाऊक होती. १८८४ मध्ये कोलकात्यात त्यांनी पटकीचा जंतू शुद्ध स्वरूपात वाढवला; परंतु प्राण्यांत तो रोग निर्माण करणे त्यांना साधले नाही. कर्नाटकातील चंदनाचा स्पाइक रोग तर आणखी अवघड. त्यामागील फायटोप्लाझ्मा हा भित्तिकाविरहित जिवाणू नेहमीच्या माध्यमांवर वाढतच नाही. मग तो वेगळा काढून टोचण्याचा प्रश्नच उरत नाही.

निदानाचा हा घोळ केवळ पंडिती नव्हे. उपाय त्यावर ठरतो. युरोपातील ॲश वृक्ष मरत आहेत ते पूर्व आशियातून आलेल्या हायमेनोसायफस फ्रॅक्सिनियस या बुरशीने. तेथे धडधाकट झाडेही बळी पडतात, म्हणून रोगाला दाद न देणारी झाडे निवडून त्यांची रोपे वाढवणे हा मार्ग आहे. ओकचे तसे नाही. तीव्र ऱ्हास कोठे अधिक आढळतो, हे नकाशावर पाहिले असता कमी पाऊस, अधिक उष्णता आणि हवेतून जमिनीवर उतरणारा नायट्रोजन यांच्याशी त्याचा संबंध दिसला. ओकच्या बारीक मुळांभोवती मित्रबुरशांचे वेष्टन असते. फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये या सहजीवनाला मायकोरायझा हे नाव दिले. पाणी व क्षार मिळवण्यास त्या झाडाला मदत करतात. मात्र नायट्रोजनचा अतिरेक त्यांतील अनेकींना मानवत नाही. बुरशी म्हणजे शत्रू, हे समीकरण येथे टिकत नाही.

या जिवाणूंवर फवारण्याजोगे औषध नाही. करता येते ते इतकेच, की पसाऱ्याखालची माती यंत्रांनी व गुरांनी तुडवली जाऊ न देणे, तेथे नांगर न घालणे, पालापाचोळा कुजू देणे. आणि वाट पाहणे, कारण द्राव गळणारे प्रत्येक झाड मरत नाही. काहींच्या भेगा कोरड्या पडतात, कडांनी नवी साल धरते आणि चट्टा आत मिटून जातो. पुढे कधी ते खोड कापले, तर वर्तुळांमध्ये तो जुना व्रण स्पष्ट दिसतो.