ड्रॉपर पोस्ट घेण्याआधी फूटपट्टी घ्या

तीव्र उतारावर पुढचा ब्रेक जोरात लागला की स्वार हँडलवरून पुढे का फेकला जातो? उत्तर पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्समध्येच आहे. समजा, सायकल आणि स्वार मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून १.१ मीटर वर आणि पुढचं चाक टेकतं त्या बिंदूच्या ०.६५ मीटर मागे आहे. मग सपाटीवर साधारण ०.६ जी मंदनाला मागचं चाक उचललं जाणार. शरीर १० सेंमी खाली आणि १० सेंमी मागे नेलं, तर तोच आकडा ०.७५ जी होतो. उतारावर दोन्ही आकडे घटतात, म्हणून तिथे हा फरक जीवावरचा ठरतो. पण चढाला उंच लागणारी सीट उतारावर नेमकी आडवी येते.

ड्रॉपर पोस्ट म्हणजे हँडलवरची कळ दाबून वरखाली होणारी सीटची दांडी. तत्त्व आपल्या एचओडी सरांच्या फिरत्या खुर्चीचंच! आत कोंडलेला वायू सीट वर ढकलतो. बहुतेक पोस्टमध्ये झडप बंद झाली की न दबणारं तेल तिला जागीच धरतं. २०२२ च्या मिलान-सान रेमो शर्यतीत मातेय मोहोरिचने रोड सायकलला ती लावली, पोजिओचा उतार सुसाट उतरला आणि शर्यत जिंकला.

आता खरेदी. खोक्यावरचा ट्रॅव्हलचा मोठा आकडा बघून भुलू नका. आधी जुनी दांडी काढून व्हर्निअरने व्यास मोजा (बऱ्याचदा तो तिच्यावर कोरलेलाही असतो). २७.२, ३०.९, ३१.६ आणि ३४.९ मिमी ही नेहमीची मापं. ट्यूब ३१.६ आणि पोस्ट ३०.९ असेल तर मध्ये शिम घालता येते. उलट मात्र जमत नाही. कानस घेऊन फ्रेम घासायला तर अजिबात बसू नका.

खरी मेख पुढेच आहे. पेडल मारायच्या उंचीवर सीट ठेवा आणि क्लॅम्पच्या वरच्या कडेपासून सीटच्या रेलपर्यंत मोजा. समजा १९० मिमी भरलं. पोस्ट पूर्ण खाली गेल्यावरही तिचा कॉलर आणि डोकं मिळून ५० मिमी वर उरतात. राहिले १४०. म्हणजे १२५ ची पोस्ट बसेल. १५० ची घेतलीत तर ती फ्रेममध्ये तळापर्यंत खुपसूनही सीट १० मिमी उंचच राहील. कंबर डावीउजवीकडे हलेल, गुडघे कुरकुरतील. ट्रॅव्हल कमी करण्याची सोय काही मॉडेलमध्ये असते, ती विचारून घ्या.

शिवाय पोस्टची एकूण लांबी ३९५ असेल तर २०५ मिमी फ्रेमच्या आत जाणार. सीट ट्यूब तेवढी सरळ आहे का? बाटलीच्या स्टँडचे बोल्ट आत डोकावतात का? नाही मावली म्हणून पोस्ट वर उपसली आणि किमान खोलीची खूण बाहेर आली, तर सीट ट्यूबला तडा गेलाच समजा.

केबलसाठी फ्रेमला भोक नसेल तर बाहेरून केबल जाणारी पोस्ट घ्या, ड्रिल मारू नका. आणि क्लॅम्प टॉर्क रेंचनेच आवळा. जास्त पिळला की पोस्ट अडकते आणि लोक उगीच पोस्टला शिव्या घालतात.