नवजात बाळाचा पाळणा : आईजवळ, पण स्वतंत्र

बाळ घरी नेताना बाळंतिणीचा आहार, नाळेची निगा व लसीकरण यांविषयी नातेवाईक आवर्जून विचारतात. बाळाला कोठे निजवावे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. घरातील वडीलधाऱ्यांनी ते आधीच ठरविलेले असते. बारामती व इंदापूर शहरांत तयार पाळणे विकत घेतले जातात. सुपे, निमगाव केतकी यांसारख्या गावांतून बारशासाठी काढलेला घरचा लाकडी पाळणा वा लुगड्याची झोळी असते. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे गळीत हंगामात येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांच्या कोपीत तर अंथरूण जमिनीवरच असते. नवजात बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास निजते. त्यामुळे ही जागा निवडणे हा बालसंगोपनातील महत्त्वाचा निर्णय आहे, असे आम्ही मानतो.

मूळ नियम व त्याची कारणे

पहिले किमान सहा महिने बाळ आईच्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, परंतु स्वतःच्या सपाट, टणक व मोकळ्या अंथरुणावर, पाठीवर निजवावे. नवजात बाळाला मान पेलत नाही. मऊ गादीत वा उशीत नाक रुतले तर ते स्वतःहून तोंड फिरवू शकत नाही आणि आपणच सोडलेली हवा पुनःपुन्हा आत घेत राहते. ब्रिटनमध्ये 1991 साली बाळांना पाठीवर निजविण्याची मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांतच झोपेतील आकस्मिक बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटले. त्यासाठी कोणतेही औषध वा यंत्र लागले नाही. पाठीवर निजल्यास दूध घशात अडकेल, ही भीती निरोगी बाळाच्या बाबतीत निराधार आहे.

बाज, पलंग व शेजारचा पाळणा

एक बाजू उघडी ठेवून आईच्या पलंगाला जोडता येणारे पाळणे आता मिळतात. रात्री स्तनपानासाठी ते सोयीचे आहेत. परंतु दोन्ही गाद्या एका पातळीत असाव्यात, मध्ये फट राहू नये व पाळणा पलंगाला पक्का बांधलेला असावा. सुंभाची वा नवारीची बाज मध्यभागी झोळते. त्यामुळे तिच्याशी पाळण्याची पातळी जुळत नाही आणि कडेला खोबण तयार होते. म्हणून बाज वापरणाऱ्या कुटुंबांनी चारही बाजू बंद असलेला पाळणा बाजेला लागून ठेवावा.

निवडताना पाहावयाच्या गोष्टी

1. दोन गजांमधील अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावे. अन्यथा बाळाचे अंग बाहेर सरकून डोके अडकू शकते.
2. गादी तळहाताने दाबली असता खळगा राहू नये. गादी व कडा यांच्या फटीत दोन बोटांहून अधिक जागा नसावी.
3. तळ सपाट असावा. उतरत्या आसनात हनुवटी छातीला टेकून श्वासमार्ग दबतो. अमेरिकेत 2022 च्या कायद्याने दहा अंशांहून अधिक उताराची शय्या व कडेच्या जाड गाद्या यांवर बंदी घालण्यात आली.
4. झुलणाऱ्या पाळण्याला झोका थांबविणारी खीळ असावी व बाळ निजल्यावर ती लावावी. बाळ कुशीवर वळू लागले की असा पाळणा बंद करावा.
5. पिढीजात पाळण्याचे सांधे, कड्या, साखळ्या व तळाची फळी तपासावी. जुन्या रंगात शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्यापूर्वीचा रंग निघत असल्यास तो पाळणा बाळाला देऊ नये.

पाळण्यात काय नसावे?

डोके गोल व्हावे म्हणून दिली जाणारी मोहरीची उशी, लोड, जाड गोधडी, खेळणी, दृष्ट लागू नये म्हणून उशाखाली ठेवलेला चाकू वा विळा आणि गळ्यातील काळा दोरा यांपैकी काहीही बाळाजवळ नसावे. श्रद्धेचा मान राखायचा असेल तर या वस्तू खोलीत अन्यत्र ठेवाव्यात. डिसेंबर-जानेवारीतील थंडीत सैल पांघरुणाऐवजी अंगड्यांचा एखादा थर वाढवावा. बंद खोलीत बाजेखाली पेटती शेगडी ठेवू नये. तिचा विषारी वायू मायलेकरांच्या जिवावर बेतू शकतो. विडी-सिगारेटचा धूरही बाळाच्या खोलीत नको.

पाळणा घेणे शक्य नसल्यास

झोळीत बाळाचे अंग धनुष्यासारखे वाकते. म्हणून झोळी थोडा वेळ व नजरेसमोरच वापरावी. रात्री मुळीच नाही. जमिनीवर निजवावे लागल्यास चटईवर घट्ट सतरंजी अंथरून बाळाला कडेला, आईच्या एका बाजूस ठेवावे. शेजारी मोठे भावंड निजवू नये. उसाच्या फडालगतच्या वस्तीत आणखी एक धोका असतो : मण्यार रात्री फिरते व जमिनीवर निजलेल्यांना दंश करते. म्हणून मच्छरदाणी ताणून अंथरुणाखाली चोहोबाजूंनी खोचावी. शक्य असल्यास उंचावरील खाट वापरावी. मुदतपूर्व जन्मलेल्या वा अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला आईच्या अंथरुणात निजवू नये. आई जागी असताना त्याला छातीशी त्वचेला त्वचा लावून ऊब द्यावी.

रुग्णालयात प्रसूती झालेल्या मातेकडे आशा ताई 3, 7, 14, 21, 28 व 42 व्या दिवशी गृहभेट देतात. या गृहभेटींच्या पद्धतीला गडचिरोलीतील डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या कार्याचा आधार आहे. पहिल्याच भेटीत बाळाची निजण्याची जागा त्यांना दाखवावी, अशी पालकांना आमची विनंती आहे. सुरक्षित पाळणा महाग असतो असे नाही. नक्षीकाम व झालरी यांवरील खर्च वाचवून घेतलेली टणक गादी व नीट खोचलेली मच्छरदाणी बाळाच्या अधिक उपयोगी पडते.